पुंडलिकाच्या भूमीत आईवडिलांची बेदखली

शहरातील कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात दुपारी तासभर बसले, तर एक दृश्य हमखास पाहायला मिळते. पंचाहत्तरीच्या पुढची एक माउली प्लॅस्टिकच्या खुर्चीत अवघडून बसलेली असते. शेजारी मुलगा उभा असतो. हातात कागदांची पिशवी, कानाशी भ्रमणध्वनी. क्रमांक पुकारला जातो. आजींचे छायाचित्र निघते. यंत्रावर टेकवलेला अंगठा नीट उमटत नाही, म्हणून तो पदराला पुसून पुन्हा टेकवला जातो. दस्त मान्य आहे ना, असे कोणीतरी विचारते. आजी मुलाकडे पाहतात आणि मान डोलावतात. जे घर उभे करताना नवरा-बायकोचे अर्धे आयुष्य हप्ते फेडण्यात गेले, ते दहा मिनिटांत दुसऱ्याच्या मालकीचे झालेले असते.

या व्यवहाराचे नाव बक्षीसपत्र. २०१५ पासून महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले वा नातवंडांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये पडते. स्थानिक अधिभार तेवढा निराळा. सवलतीमागचा हेतू स्वच्छ होता. कुटुंबातल्या कुटुंबात मालमत्ता देताना शासनाने मध्ये हात मारू नये, एवढाच. यातील बहुसंख्य बक्षीसपत्रे प्रेमापोटी होतात आणि प्रेमानेच निभावली जातात, हेही खरे. परंतु उरलेल्यांचे काय? घर नावावर होताच ज्यांची खाट दिवाणखान्यातून सज्जात सरकते, चहाची वेळ सरकते, औषधांची चिठ्ठी आठवडाभर टेबलावर पडून राहते आणि एके दिवशी ‘काही दिवस ताईकडे राहून या’ असे सुचवले जाते, त्यांच्याविषयी बोलायला कोणी तयार नाही.

तयार नसण्याचे कारण उघड आहे. वृद्धांची परवड हा पश्चिमेकडील समाजाचा रोग आहे, आपल्याकडे कुटुंबव्यवस्था शाबूत आहे, हे वाक्य व्याख्यानमालांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. सभागृह टाळ्या वाजवते. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणाच्या आईचे एटीएम कार्ड कोणाच्या पाकिटात आहे, हे विचारण्याची प्रथा नाही.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या वार्धक्यविषयक पाहणीत साठीपुढील किमान ५ टक्के लोकांनी मागील वर्षभरात आपल्याला वाईट वागणूक मिळाल्याचे सांगितले. आकडा लहान वाटतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील लोक १० कोटींहून अधिक होते, हे ध्यानात घेतले की, हे लहान टक्के पन्नास लाख माणसे होतात. शिवाय ही उत्तरे घरोघरी जाऊन घेतली गेली. सून आतल्या खोलीत आणि मुलगा दारात असताना, ‘तुम्हाला घरात कोणी त्रास देते का?’ या प्रश्नाला मराठी घरातील किती सासूबाई खरे उत्तर देतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

वास्तविक आपल्या परंपरेने हा दोष कधी झाकून ठेवला नाही. महाराष्ट्राचे आराध्यदैवत विटेवर उभे आहे ते पुंडलिकाच्या मातृपितृभक्तीमुळे, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या कथेचा पूर्वार्ध सोयीस्करपणे गाळला जातो. हाच पुंडलिक आधी आईवडिलांची हेळसांड करणारा होता. काशीयात्रेला निघाला तेव्हा तो आणि त्याची पत्नी घोड्यावर आणि थकलेले मायबाप पायी, असे कथा सांगते. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि मग तो सेवेला लागला. आपल्या पूर्वजांनी भक्तश्रेष्ठाच्या चरित्रातले हे काळे पान फाडले नाही. आजचे संस्कृतिरक्षक मात्र शेजारच्या सदनिकेतले पान पाहूनही डोळे मिटून घेतात.

‘आईबाप आणि मुले यांच्यामध्ये कायदा आणणे हीच परकी कल्पना’ असे म्हणणाऱ्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र एकदा उघडून पाहावे. ऐपत असूनही जो अपत्ये, पत्नी, आई, वडील, अज्ञान भावंडे यांचे पोषण करीत नाही, त्याला बारा पणांचा दंड करावा, असे तेथे स्पष्टपणे सांगितले आहे. म्हणजे संस्कारांवर विसंबून राहण्याइतका हा आचार्य भोळा नव्हता. आईवडिलांना देव मानण्याचा उपदेश उपनिषदाने करावा आणि न मानणाऱ्याकडून राजाने दंड वसूल करावा, अशी ही भारतीय व्यवस्था होती. यातील पहिला भाग तेवढा लक्षात ठेवला गेला.

लूट कशी होते, हे पाहिल्याशिवाय तिची ओळख पटत नाही, कारण ती लुटीसारखी दिसत नाही. मारहाण, उपासमार, घराबाहेर काढणे या गोष्टी वर्तमानपत्रांत येतात. पण त्या या कथेचा शेवट असतात. आरंभ फार सौम्य असतो. वडील गेले, तेरावा झाला, पाहुणे अजून घरात आहेत. अशा वेळी विषय निघतो की, सदनिका एकाच्या नावावर झाली तर सोसायटीचे काम सोपे होईल. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आईचा वाटा मुलामुलींच्या बरोबरीचा असतो. पण हे त्या क्षणी कोण सांगणार? आई आणि बहीण हक्कसोडपत्रावर सह्या करतात. आई करते ती दुःखात, बहीण करते ती माहेर तुटू नये म्हणून. महिन्यापूर्वीपर्यंत घराची मालकीण असलेली बाई तेव्हापासून मुलाच्या घरची आश्रित होते. कोणी आवाज चढवलेला नसतो, कोणी खोटी सही केलेली नसते. उलट सर्वांचे डोळे पाणावलेले असतात.

दुसरा मार्ग बँकेचा. ‘तुम्हाला चालवत नाही, रांगेत कशाला उभे राहता?’ म्हणून खात्यावर मुलाचे नाव लागते आणि ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ या पद्धतीमुळे दोघांपैकी कोणीही एकट्याने पैसे काढू शकतो. (खाते प्रथम नावाच्या व्यक्तीच्या हयातीत तिनेच चालवावे, दुसऱ्याचा अधिकार तिच्या पश्चात, अशीही पद्धत बँकांत असते, ती मागावी लागते, आणि मागणारे विरळा.) मग मुदतठेव मोडते, नातवाच्या प्रवेशशुल्कात जाते. निवृत्तिवेतन दरमहा येते आणि दरमहा जाते. वर्षातून एकदा नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यापुरती वडिलांची आठवण होते. त्या दिवशी मात्र त्यांना मोटारीतून नेले जाते. दागिने ‘लॉकरमध्ये सुरक्षित’ असतात, पण किल्ली सुनेच्या किंवा मुलीच्या कपाटात. सर्वांत घातक कागद म्हणजे व्यापक अधिकारांचे मुखत्यारपत्र. त्यावर सही केलेल्या माणसाला आपण नेमके काय देऊन बसलो, हे कळायला कधी वर्ष लागते, कधी नोटीस यावी लागते.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांचीही एक तऱ्हा आहे. कोथरूड किंवा दादरची जागा विकून ‘तुम्ही आमच्याकडेच या’ असा आग्रह होतो. आईवडील जातात, नातवंडे सांभाळतात. नातवंडे शाळेत जाऊ लागली की हवामान मानवेनासे होते. परत यायचे तर जागा कोठे आहे? २००७ चा कायदा परदेशातील भारतीय नागरिकांनाही लागू आहे, हे येथे नमूद करून ठेवलेले बरे.

असा विषय निघाला की बोट सुनेकडे जाते. ही सवयही तपासायला हवी. हेल्पेज इंडियाच्या २०१८ च्या पाहणीत छळ करणाऱ्यांमध्ये मुलगा पहिल्या क्रमांकावर होता, सून त्याच्यानंतर. सही घेणारा मुलगाच असतो, कारण आई सही करते ती मुलासाठी. सुनेला खलनायिका ठरवून मुलाला ‘बिचारा’ म्हणणारी शेजारपाजारची सहानुभूती या व्यवहाराला मोठी मदत करते. आणि हा अशिक्षितांचा, व्यसनींचा दोष आहे, अशी समजूतही टिकणारी नाही. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती आईवडिलांना देण्याचा निर्णय लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली घेतला. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांत शिक्षक होते. दिवसभर वर्गात मुलांना श्रावणबाळाची गोष्ट सांगून हे गुरुजी संध्याकाळी कोणत्या घरी परतत होते?

मराठी मध्यमवर्गाला हे सारे नवीन नाही. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. मिळकत मुलांत वाटून टाकणारा गणपतराव बेलवलकर आणि लेकीच्या घरी आलेला चोरीचा आळ पाहून तीन पिढ्यांनी रुमाल ओले केले. नाट्यगृहातून बाहेर पडल्यावर त्यातील किती जणांनी आपल्या वडिलांना सांगितले, की बाबा, घर तुमच्याच नावावर राहू द्या? नाटकातल्या बापासाठी रडणे सोपे असते. त्यात कागद परत द्यावा लागत नाही.

२००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण यांविषयीचा कायदा केला. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. त्याचे कलम २३ प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाने पाठ करावे असे आहे. पालनपोषण करण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने किंवा अन्य प्रकारे मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण कपटाने वा दडपणाने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. दिलेले घर परत मिळू शकते! परंतु येथेच मेख आहे. अट असावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केले की, अशी अट नसेल तर कलम २३ लागू होणार नाही. किती वकील बक्षीसपत्राच्या मसुद्यात ही अट आपणहून घालतात? बहुतेक मसुद्यांत असते ते ‘नैसर्गिक प्रेम व माया यापोटी’ हे ठरलेले वाक्य. शुल्क भरणारा मुलगा, वकील मुलाचा, मसुदा मुलाच्या सोयीचा. आणि त्यात मायेचा उल्लेख मात्र आईच्या नावे.

मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका मातेचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. २०१९ मध्ये तिने मुलाला बक्षीसपत्र करून दिले. मुलाने वेगळ्या कागदावर आपण सांभाळ करू असे वचन लिहून दिले. वचन मोडले. उपविभागीय अधिकाऱ्याने बक्षीसपत्र रद्द केले, जिल्हाधिकाऱ्यांनी ते उचलून धरले, उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठानेही. मात्र अट प्रत्यक्ष बक्षीसपत्रात नाही म्हणून खंडपीठाने माता हरली असे ठरवले. अखेर २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, हा कायदा वृद्धांच्या हितासाठी आहे आणि त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, असे सांगून आईला न्याय दिला. तो दुसरा कागद तिने जपून ठेवला नसता तर?

मुंबईतील प्रकरण याहून ताजे आणि अधिक लाजिरवाणे. ऐंशी वर्षांचे वडील आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई उत्तर प्रदेशात राहायला गेली असताना थोरल्या मुलाने त्यांच्या मुंबईतील दोन खोल्या बळकावल्या आणि त्यांना तेथे राहू देईना. न्यायाधिकरणाने खोल्या रिकाम्या करण्याचा आणि दरमहा ३,००० रुपये देण्याचा आदेश दिला. मुलाचा बचाव काय, तर आता आपणही साठीचे झालो, आपणही ज्येष्ठ नागरिक! उच्च न्यायालयात हा युक्तिवाद टिकलासुद्धा. १२ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले की, अर्ज दाखल झाला तेव्हा हे चिरंजीव एकोणसाठ वर्षांचे होते, आणि वृद्ध पित्याच्या बाजूने निकाल दिला.

‘घरचे भांडण चव्हाट्यावर कशाला?’ हा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. तो विचारतात नातेवाईक, आणि विचारतात नेहमी आईवडिलांना. घर बळकावणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. घराण्याची अब्रू सांभाळण्याची जबाबदारी घराबाहेर काढलेल्यावर, आणि आत बसलेला निश्चिंत! ही अब्रू नव्हे, शोषणाला मिळालेले संरक्षण आहे. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. या कायद्याचा आधार घेऊन सुनेला बेघर करण्याचे प्रकारही झाले आहेत. मुलगा आणि सासूसासरे एक होऊन नकोशा सुनेला बाहेर काढू पाहतात. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणात कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सुनेला मिळालेला निवासाचा हक्क जपला, आणि ते योग्यच झाले. वृद्धांचे रक्षण म्हणजे दुसऱ्या दुर्बलाचा बळी नव्हे.

शासनाच्या पदरातही माप घालायला हवे. २००७ मध्ये निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये ठरली. त्यानंतर औषधांचे, रुग्णालयांचे दर कोठून कोठे गेले; मर्यादा जागची हललेली नाही. ती काढून टाकणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये सभागृहाची मुदत संपताच बारगळले. आईवडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड, अशी शिक्षा आहे. मुंबईत पाच हजारांत एका खोलीचे महिन्याचे भाडेही निघत नाही. कौटिल्याचे बारा पण याहून जड असावेत.

बाहेरच्या चोरांविषयी आता पुष्कळ जागृती आहे आणि ती आवश्यकच आहे. पोलिसांचा गणवेश घालून चित्रफितीद्वारे ‘डिजिटल अटक’ करणाऱ्या टोळ्यांनी असंख्य निवृत्तांना नागवले. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून सावध केले, सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली, तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही, एवढे आजोबांना कळले तरी पुष्कळ. पण हे आजोबा दोन-दोन दिवस त्या पडद्यासमोर बसून राहतात आणि घरात कोणाला कळत नाही, ते का? कारण ‘तुम्हाला काही कळत नाही’ हे वाक्य त्यांनी घरातच इतक्या वेळा ऐकलेले असते की, विचारायला जाण्यापेक्षा पैसे पाठवणे त्यांना सोपे वाटते.

वानप्रस्थाचा दाखला देऊन ‘म्हातारपणी मालमत्तेचा मोह कशाला?’ असे सुनावणाऱ्यांची एक जात आहे. वानप्रस्थ हा घेणाऱ्याच्या इच्छेने घेतला जातो. दुसऱ्याने घडवला तर त्याला हद्दपारी म्हणतात. आणि मुलांना द्यायचेच असेल तर मृत्युपत्र आहे ना! दोन साक्षीदारांसमोर सही केलेले मृत्युपत्र नोंदणीवाचूनही वैध असते, हयातीत हवे तेव्हा बदलता येते आणि तोवर घर ज्याचे त्याचे राहते. हे सुचवणारा मुलगा खरा. बक्षीसपत्राचीच घाई करणाऱ्याला ती घाई कशाची, हे विचारण्यात अधर्म नाही. ज्यांना तरीही हयातीतच द्यायचे आहे, त्यांनी सांभाळाची अट त्याच दस्तात, स्पष्ट शब्दांत लिहवून घ्यावी. आईवर प्रेम असणाऱ्या मुलाला त्या एका वाक्याचा राग येण्याचे कारण नाही. येत असेल, तर सही करण्यापूर्वीच उत्तर मिळाले.

वस्तीवस्तीत काम करणाऱ्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. न्यायाधिकरण म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रांतसाहेबांचे कार्यालय. वृद्ध स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याने नेमलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते, अशी सोय कायद्यात आहे. अपत्य नसलेल्याला, त्याची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा वारसाहक्काने जाणार आहे त्या नातेवाइकाकडून निर्वाह मागता येतो. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक आहे. या गोष्टी किती ज्येष्ठ नागरिक संघांच्या फलकांवर लिहिलेल्या आहेत? कोजागरीचे दूध आणि सहलीची तारीख तेवढी असते.

आणि त्या दुय्यम निबंधक कार्यालयातही एक गोष्ट सहज होऊ शकेल. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे अधिकाऱ्याने दस्त करून देणाऱ्याची ओळख पटवायची असते आणि दस्त त्याला कबूल आहे काय, हे पाहायचे असते. अंथरुणाला खिळलेल्यासाठी तो घरी जाऊ शकतो, अशीही तरतूद आहे. मग साठीपुढील व्यक्ती बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र करीत असेल, तेव्हा घेणाऱ्याला पाच मिनिटे बाहेर थांबवून, दार लावून, देणाऱ्याला एकट्याने विचारायला काय हरकत आहे? घर दिल्यावर आपण कोठे राहणार, औषधपाण्याचा खर्च कोण करणार, सांभाळाची अट दस्तात लिहिली आहे काय, हे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दस्तासोबत नोंदवावीत. नोंदणी विभागाने मनावर घेतले तर यासाठी नवा कायदा करण्याची वाट पाहावी लागू नये. तोपर्यंत आजींबरोबर खुर्चीशेजारी मुलाखेरीज आणखी कोणी उभे राहायला हवे: बहीण, भाचा किंवा त्याच इमारतीतला, रोज सकाळी त्यांना नमस्कार करणारा एखादा कार्यकर्ता.